कामापासून सुरू होणारे शिक्षण : बडोद्याचे प्रयोग आणि आजचे ई-लर्निंग

नोकरीत असलेल्या माणसाला त्याचे काम अधिक चांगल्या रीतीने करता यावे यासाठी जे शिकवले जाते ते कर्मचारी-प्रशिक्षण होय, आणि हेच शिकवणे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरून होऊ लागले म्हणजे त्याला ई-लर्निंग म्हणतात. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणाहून त्याची घडण मुळातच निराळी असते. शाळेत विषय आधी ठरतो आणि त्याचा उपयोग कुठे व कधी होईल हे पुढच्या आयुष्यावर सोपवलेले असते; प्रशिक्षणात काम आधीच समोर उभे असते आणि त्या कामाला जेवढे ज्ञान लागेल तेवढेच, ज्या क्रमाने लागेल त्या क्रमाने, शिकवायचे असते. हा भेद सांगायला सोपा असला तरी व्यवहारात तो सतत विसरला जातो, आणि कारखाने, बँका व सरकारी कचेऱ्या यांतील कर्मचाऱ्यांपुढे येणाऱ्या ई-लर्निंगच्या पुष्कळशा पाठांचा निर्जीवपणा या एका विसरातून आलेला आहे. बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, हे शहर या विषयाच्या विचाराला विशेष उपयोगी पडते. कारण गायकवाडांच्या राजवटीत येथे काम शिकवण्याचे जे प्रयोग झाले त्यांत या भेदाची जाण स्पष्ट दिसते, आणि रेल्वे व रसायनउद्योग यांसारख्या, चुकीची किंमत जिवाने मोजावी लागणाऱ्या क्षेत्रांचे प्रशिक्षण आजही या शहरात आणि त्याच्या परिसरात चालते.

या प्रयोगांतला पहिला प्रयोग खुद्द राजावर झाला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात झाला, आणि मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यानंतर १८७५ साली, त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती. एफ. ए. एच. इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे सर्वसामान्य शिक्षण झाले. परंतु राज्यकारभार चालवणे हे जे त्यांचे खरे काम होते त्याची तयारी दिवाण सर टी. माधवराव यांनी करून घेतली. कुंभकोणम येथे तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेले आणि त्रावणकोर व इंदूर या संस्थानांची दिवाणगिरी करून आलेले माधवराव यांनी १८८१ साली या तरुण राजाला व्याख्यानांची एक मालिका दिली, जी पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राज्यकारभाराची मूलतत्त्वे, अधिकाऱ्यांची पारख, राजवाड्याची व्यवस्था, ब्रिटिश सरकारशी ठेवायचे संबंध असे तिचे विषय होते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर सयाजीरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. व्याख्यान हे शिकवण्याचे एकमार्गी साधन असल्याने त्याला मर्यादा असतात, हे खरे. तथापि या मालिकेची वेळ अचूक साधलेली होती. शिकलेली गोष्ट वापरण्याची संधी जितकी लवकर मिळते तितकी ती पक्की होते, आणि येथे शिकणे व काम हाती येणे यांत काही महिन्यांचेच अंतर होते. शिवाय जगातील राज्यपद्धतींचा इतिहास सांगण्यापेक्षा या राजाला या राज्यात कोणते निर्णय घ्यावे लागतील याकडे त्या व्याख्यानांचा रोख होता.

त्याहून अधिक व्यापक प्रयोग १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाचा. त्याची कल्पना त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची. सुरतेला जन्मलेले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले गज्जर बडोदे कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. रंगारी, छपाई करणारे, विणकर, सुतार, लोहार यांच्या व्यवसायांना आधुनिक शास्त्राची जोड मिळाल्याखेरीज यंत्राच्या युगात ते टिकणार नाहीत, आणि ही जोड इंग्रजीत दिली तर ती कारागिरांपर्यंत पोहोचणारच नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून कलाभवनात देशी भाषेतून शिकवण्यावर भर राहिला, आणि सयाजीरावांच्या आश्रयाने शास्त्रीय व तांत्रिक विषयांवरील पुस्तके देशी भाषेत तयार करण्याचे काम गज्जरांनी हाती घेतले. रंगाईच्या बाबतीत त्या काळात कृत्रिम रंगांच्या निर्मितीत जर्मनी अग्रेसर होती, म्हणून जर्मन रसायनतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात आले. याचा अर्थ असा की, ज्या रंगाऱ्याने मंजिष्ठा आणि नीळ हाताळलेली होती त्याच्या हाती ॲलिझरीन व ॲनिलीन कुळातील नवे रंग येत असताना त्यांच्या प्रमाणाचे, तापमानाचे आणि रंगबंधकाचे ज्ञान त्याला रंगाच्या हंड्याजवळच मिळावे, अशी ही योजना होती.

कलाभवनातून बाहेर पडलेल्यांत चित्रपटकार दादासाहेब फाळके यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते येथे आले आणि छायाचित्रणासारखी तंत्रे शिकले, ज्यांचा उपयोग त्यांना पुढे छपाईच्या व चित्रपटाच्या व्यवसायात झाला. १९०७ साली उभ्या राहिलेल्या अलेंबिक या रसायन व औषध उद्योगाच्या स्थापनेत गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन हे तिघे होते, म्हणजे प्रयोगशाळेतील शिकवणे कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले, आणि पदव्यांच्या चौकटीत गेल्यावर कारागिराच्या हातातील कामापासून सुरू होणारा अभ्यासक्रम हा त्याचा मूळ गाभा साहजिकच मागे पडला. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात ही हानी जेवढी नोंदली जायला हवी तेवढी नोंदली गेलेली नाही.

ग्रंथालयांच्या बाबतीत घडलेली गोष्ट कर्मचारी-प्रशिक्षणाच्या दृष्टीने आणखी नेमकी आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी मेल्व्हिल ड्युई यांच्या कोलंबियातील ग्रंथालय विद्यालयात शिकवलेले होते. राजवाड्यातील सुमारे २०,००० पुस्तकांच्या संग्रहातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे करणे, शहरे व गावे यांतून ग्रंथालयांचे जाळे विणणे आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठवणे असा कार्यक्रम असल्यामुळे, तो चालवणारी माणसे तयार असणे ही पहिली गरज ठरली, आणि १९११ साली बॉर्डन यांनी ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, जो भारतातील या प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. ग्रंथालय उभे राहत होते आणि वर्गही चालला होता. त्यामुळे वर्गीकरण व तालिकाकरण, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार जागा देणे आणि त्याची शोधता येईल अशी नोंद करणे, शिकायला खऱ्या संग्रहाचे आणि खऱ्या अडचणींचे साहित्य जवळच होते. १९१२ साली ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले, ज्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे, आणि जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी त्याच्या संपादनाचा व पुढे ग्रंथालय खात्याचा भार वाहिला. आजच्या परिभाषेत बोलायचे तर वर्ग संपल्यानंतरही शिकणे चालू ठेवणारे ते साधन होते. गावोगावी एकट्याने काम करणाऱ्या ग्रंथपालाला आपल्यासारखेच काम करणारे इतर काय करतात हे त्यातून समजत असे.

याच खात्यात दृश्य-शिक्षणाची एक शाखा होती, जी मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांनी, द्विनेत्री छायाचित्रांनी आणि चलच्चित्रांनी गावकऱ्यांना शिकवत असे. पडद्यावरून शिकवणे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते, एवढ्यासाठीच हा तपशील येथे दिलेला नाही. चित्र दाखवल्यावर समजावून सांगणारा आणि प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस त्या काळी पडद्याशेजारी उभा राहू शकत असे, आणि ई-लर्निंगमध्ये हा माणूस काढून घेतलेला असतो; त्यामुळे त्याने केली असती ती सर्व कामे, म्हणजे शिकणाऱ्याला कुठे अडले ते ओळखणे, प्रश्न विचारणे, चूक दाखवणे, सोपे करून सांगणे, ही रचनेतूनच घडवून आणावी लागतात. ई-लर्निंगची रचना हे वेगळे शास्त्र होण्याचे कारण हे आहे.

या शास्त्राचा पाया मात्र संगणकाच्या कितीतरी आधी घातला गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या गोद्यांना अल्पावधीत हजारो कामगार तयार करून हवे होते, आणि त्या अनुभवातून चार्ल्स ॲलन यांनी १९१९ साली शिकवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : शिकणाऱ्याच्या मनाची तयारी, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी मदतीविना करता येते की नाही ते तपासणे. दुसऱ्या महायुद्धात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने याच पायऱ्या घेऊन मुकादमांना शिकवायला शिकवले, आणि त्यात एक मोलाची भर घातली : शिकवण्यापूर्वी कामाची फोड कागदावर करायची आणि प्रत्येक टप्प्यापुढे त्यातील कळीचा मुद्दा लिहायचा, म्हणजे ती बारीकशी गोष्ट जिच्यावर काम साधते किंवा बिघडते, किंवा जिच्यामुळे इजा टळते. ही फोड म्हणजेच कार्यविश्लेषण. अनुभवी कामगाराला ती करायला सांगितली तर तो अर्ध्या गोष्टी गाळतो, कारण त्या त्याच्या अंगवळणी पडल्यामुळे त्याला त्या दिसेनाशा झालेल्या असतात. म्हणून विश्लेषण करणाऱ्याने कामाच्या जागी उभे राहून पाहणे आणि विचारणे याला पर्याय नाही.

मात्र या विश्लेषणाच्याही आधी शिकवण्याची खरोखर गरज आहे काय हे पाहावे लागते, आणि रेल्वेच्या कामातले एक उदाहरण त्यासाठी घेता येईल. १९३० साली देहरादूनला सुरू होऊन आर्थिक मंदीत बंद पडलेले रेल्वे स्टाफ कॉलेज १९५२ साली बडोद्याच्या लालबागेतील प्रताप विलास राजवाड्यात पुन्हा सुरू झाले, पुढे ते भारतीय रेल्वे राष्ट्रीय अकादमी म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याच आवारात २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्थेतून २०२२ साली गती शक्ती विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ घडले. अधिकाऱ्यांचे शिक्षण येथे होते, तर स्टेशन मास्तर, गाडीचे गार्ड, पॉइंट्समन अशांचे शिक्षण भुसावळ किंवा उदयपूर येथल्यासारख्या विभागीय प्रशिक्षण संस्थांत होते, जेथे लहान आकाराचे रूळ, सिग्नल आणि ब्लॉक यंत्रे मांडलेल्या मॉडेल रूममध्ये गाड्यांची ये-जा करून पाहता येते. ज्या फाटकाचा सिग्नलशी यांत्रिक संबंध जोडलेला नसतो, तेथे गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करतो, फाटकवाला फाटक बंद करून कुलूप घालतो आणि मग आपल्या तक्त्यावरचा पुढचा ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो, जो स्टेशन मास्तर नोंदवहीत लिहितो. नंबर दिला याचा अर्थ फाटक बंद झाले. आता समजा, फाटकापाशी वाहनांची रांग असताना फाटकवाला नंबर आधी सांगतो आणि फाटक नंतर लावतो, असे आढळून आले. याला उपाय म्हणून त्याला नियमांचा पाठ पुन्हा शिकवायला पाठवणे ही सर्वत्र दिसणारी प्रतिक्रिया असते.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० साली अशा प्रसंगी विचारायचा एक प्रश्न सुचवला : त्या माणसाचा स्वतःचा जीव त्यावर अवलंबून असता तर त्याला हे काम बरोबर करता आले असते काय? उत्तर ‘होय’ असेल तर त्याला ज्ञानाची वाण नाही आणि प्रशिक्षणाने काहीही साधणार नाही; तेथे रहदारीचा दबाव, देखरेखीतील ढिलाई, लवकर नंबर देणाऱ्याला मिळणारी सोय यांचा विचार करावा लागतो, किंवा फाटक बंद असल्याखेरीज सिग्नल उतरणारच नाही अशी इंटरलॉकिंगची यांत्रिक जोडणी करावी लागते. उत्तर ‘नाही’ असेल तरच शिकवणे हा उपाय. या छाननीला गरजविश्लेषण म्हणतात, आणि प्रशिक्षणावर होणारा बराचसा खर्च ती न केल्यामुळे वाया जातो; कारण एखादी चूक घडली की पाठ तयार करून सर्वांना पाठवणे हे व्यवस्थापनाला इंटरलॉकिंग बसवण्यापेक्षा स्वस्त आणि सोपे वाटते.

शिकवण्याची गरज खरोखर आहे असे ठरल्यावर पडद्यावरचा पाठ कसा रचावा, हा पुढचा प्रश्न. बडोद्याच्या आसपास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतांचे व पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आणि नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतील छोटे रासायनिक कारखाने असल्यामुळे, बंदिस्त जागेत उतरण्याचे काम येथे उदाहरणादाखल घेणे उचित ठरेल. रसायनाची रिकामी टाकी आतून साफ करायची असते तेव्हा तिला जोडलेल्या नळ्या बंद करून वेगळ्या कराव्या लागतात, आत हवा खेळवावी लागते, प्राणवायूचे प्रमाण तसेच ज्वालाग्राही व विषारी वायू मोजावे लागतात, लेखी परमिट घ्यावे लागते आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवावा लागतो. या विषयावरचा नेहमीचा ई-पाठ चाळीस पडद्यांचा असतो. प्रत्येक पडद्यावर नियम लिहिलेले असतात, तेच नियम पार्श्वभूमीला कुणीतरी वाचून दाखवत असते, खाली ‘पुढे’ हे बटण असते आणि अखेरीस दहा प्रश्न असतात, ज्यांची उत्तरे चुकली तर लगेच पुन्हा देता येतात.

या रचनेतील दोष संशोधनाच्या आधारे दाखवता येतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेल्यापैकी सर्वाधिक भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच विसरला जातो, आणि अंतराअंतराने उजळणी केली तर विसरण्याचा वेग मंदावतो; म्हणून एकाच बैठकीत संपणारा चाळीस पडद्यांचा पाठ हा विसरण्यासाठीच रचलेला पाठ असतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के भाग सांगता आला. परंतु आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांपाशी ४२ टक्केच उरला होता, तर आठवून लिहिणाऱ्यांपाशी ५६ टक्के. पाठ संपताच घेतलेली परीक्षा चांगली जाते आणि तरीही कामाच्या वेळी काही आठवत नाही, या सार्वत्रिक तक्रारीचे स्पष्टीकरण या आकड्यांत आहे. प्रश्न हे गुण देण्यापुरते अखेरीस ठेवण्याचे साधन नसून ते शिकवण्याचेच साधन आहेत, आणि दोन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने मोबाइलवर पाठवलेला एकेक प्रश्न त्या चाळीस पडद्यांहून अधिक काम करतो.

रिचर्ड मेयर यांच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली आहे : चित्र दाखवत असताना तेच शब्द एकाच वेळी ऐकवणे आणि छापून दाखवणे यामुळे समजण्यास मदत होण्याऐवजी अडथळा येतो, कारण एका वेळी मनात धरून ठेवण्याची माणसाची क्षमता फार मर्यादित असते आणि ती दोन सारख्याच प्रवाहांचा ताळमेळ घालण्यात खर्ची पडते. चित्र आणि बोललेले शब्द एवढे पुरेसे असते. याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे जेव्हा पाठाची भाषा शिकणाऱ्याची स्वतःची नसते, तेव्हा छापील शब्दांचा आधार उपयोगी पडू शकतो. परंतु मग प्रश्न असा उरतो की पाठ त्याच्या भाषेत का नाही. गुजरातच्या औद्योगिक पट्ट्यात गुजरातीबरोबरच हिंदी, मराठी, ओडिया, भोजपुरी बोलणारे कामगार असतात, आणि सुरक्षेचे पाठ पुष्कळदा इंग्रजीत लिहून मग घाईने हिंदीत उतरवलेले असतात. गज्जरांनी ज्या अडचणीसाठी पुस्तकांचा खटाटोप केला ती अडचण येथे जशीच्या तशी उभी आहे. सयाजीरावांच्या काळात राज्यकारभारातील संज्ञांचा गुजराती व मराठीसह आठ भाषांतला ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ साली सिद्ध झाला होता. आज कारखान्याच्या कामात प्रत्यक्ष बोलले जाणारे परमिट, व्हॉल्व्ह, गॅस टेस्ट हे शब्द तसेच ठेवून बाकीचे वाक्य कामगाराच्या बोलीत सांगितले तरी पुरेसे होईल, आणि तेवढेही होत नाही.

बंदिस्त जागेतील अपघातांविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली एक विदारक निरीक्षण नोंदवले, ते असे की मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे आत पडलेल्याला वाचवायला गेलेली होती. या एका निरीक्षणावरून पाठाची सारी रचना बदलायला हवी. सोबती टाकीच्या तळाशी निपचित पडलेला दिसतो तेव्हा धावत खाली उतरणे ही माणसाची सहज आणि उदात्त ऊर्मी असते. ‘आत उतरू नये’ हा नियम वाचल्याने ती आवरली जात नाही, कारण नियम शांतपणे बसून वाचलेला असतो आणि प्रसंग मात्र काही क्षणांत निर्णय मागतो. म्हणून पाठात नियम सांगण्याआधीच कामगाराला टाकीच्या तोंडाशी उभे करावे, आतला सोबती प्रतिसाद देत नाही असे दाखवावे, आणि काय करणार असे विचारावे. त्याने उतरण्याचा पर्याय निवडला तर पुढे काय घडते ते दाखवावे, म्हणजे दुसरा माणूसही कोसळतो आणि बाहेर मदत बोलावणारे कुणीच उरत नाही, आणि मग त्याला मागे आणून अलार्म देणे, बाहेरून दोरीने ओढून घेणे, श्वसनयंत्र असलेल्या बचावपथकाची वाट पाहणे यांचा सराव द्यावा. याला प्रसंगाधारित रचना म्हणतात. पडद्यावर निर्णयाचा सराव होतो, परंतु श्वसनयंत्र चढवणे किंवा दोरीची गाठ मारणे हातानेच शिकावे लागते. त्यामुळे उत्तम योजनेत पडद्यावरचा पाठ आणि यंत्राजवळचे मार्गदर्शन यांची वाटणी आधीच केलेली असते. क्रम लक्षात ठेवण्यापेक्षा पाहून करणे ज्यात योग्य, अशा भागासाठी तर पाठाचीही गरज नसते, टाकीशेजारी लावलेला तपासणीचा तक्ता पुरतो.

ई-लर्निंगच्या वाढीत एका तांत्रिक सोयीने नकळत मोठी दिशाभूल केली आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० सालाच्या आसपास ‘स्कॉर्म’ नावाचे मानक तयार झाले, ज्यामुळे कुणीही बनवलेला पाठ कोणत्याही संस्थेच्या अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीवर चालू लागला. पाठ आणि प्रणाली यांच्यातील या देवघेवीत मुख्यतः पाठ पूर्ण झाला की नाही, गुण किती, वेळ किती लागला एवढेच नोंदले जाते, आणि जे नोंदले जाते तेच संस्थेचे उद्दिष्ट होऊन बसते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले होते : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, प्रत्यक्ष अध्ययन, कामावरील वर्तन आणि संस्थेला दिसणारा परिणाम. पूर्णतेची टक्केवारी यांपैकी कुठल्याच स्तरावर बसत नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीच्या आराखड्यात प्रत्येक पदाची भूमिका, त्या भूमिकेतील कृती आणि त्या कृतींना लागणारी क्षमता अशी मांडणी करून त्यावरून अभ्यासक्रम ठरवण्याचे तत्त्व स्वीकारलेले आहे, ते योग्यच आहे, कारण त्याची सुरुवात कामापासून होते. त्याच्या आयगॉट या मंचावरील पाठ मात्र या तत्त्वाला जागतात की नाही, हे प्रमाणपत्रांच्या संख्येवरून कळणार नाही. त्यासाठी तिसऱ्या स्तरावर जाऊन, पाठानंतर सहा आठवड्यांनी कर्मचारी आपले काम कसे करतो हे कुणीतरी पाहावे लागते.

वर्तन पाहायला गेले की कामाची जागा दिसू लागते, आणि तिथे सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. टिमोथी बाल्डविन आणि केव्हिन फोर्ड यांनी १९८८ साली मांडलेल्या विश्लेषणानुसार शिकलेले कामात उतरण्यासाठी शिकणाऱ्याची कुवत आणि पाठाची रचना यांच्याइतकाच कामाच्या जागचा पाठिंबा निर्णायक असतो. बडोद्याच्या इतिहासात याचे अत्यंत वेदनादायक उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीने १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले गेले, त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता, आणि १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. त्या काळात संस्थानातील कुणापाशीही नसेल असे अर्थशास्त्राचे शिक्षण त्यांच्यापाशी होते, आणि त्यांना पाठवणारा राजा द्रष्टा होता. तरीही कचेरीत त्यांना अस्पृश्यतेची वागणूक मिळाली, शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. संस्थानने माणसाच्या शिक्षणावर खर्च केला. ज्या कचेरीत ते शिक्षण वापरायचे होते तिला बदलण्याची तजवीज मात्र केलेली नव्हती.

आजच्या कारखान्यांत हा प्रश्न कंत्राटी कामगाराच्या रूपाने दिसतो. टाकीत उतरणारा, भट्टीजवळ सफाई करणारा, नळ्या उघडणारा माणूस पुष्कळदा ठेकेदाराचा असतो. त्याच्याकडे कंपनीचा कर्मचारी क्रमांक नसल्यामुळे अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीत त्याचे नाव नसते, आणि पाठ वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांच्या खात्यावर पूर्ण झालेला दाखवला जातो. पाठासाठी लागणारा वेळ पाळीतून दिला जातो की पाळी संपल्यावर त्याच्या झोपेतून काढून घेतला जातो, शिकल्यावर आठवड्याच्या आत ते काम देखरेखीखाली करायला मिळते की नाही, आणि ‘गॅस टेस्ट झाल्याशिवाय उतरणार नाही’ असे तो म्हणाला तर मुकादम त्याच्या बाजूने उभा राहतो की दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरून परत पाठवतो, हेही प्रशिक्षणाच्या रचनेचेच प्रश्न आहेत. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने कामगाराला आपल्या आरोग्याविषयी व सुरक्षिततेविषयी कारखान्याकडून माहिती मिळवण्याचा आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला, आणि त्या अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता.